ब्रेक लावताना पुढून दबणारी जुनी स्कूटर : निदान आणि इलाज

पत्र्याच्या अंगाची जुनी स्कूटर ज्यांना वडिलांकडून वा काकांकडून वारशाने मिळाली, किंवा ज्यांनी अलीकडे हौसेने विकत घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणली, त्या सर्वांची एक तक्रार सामाईक असते. पुढचा ब्रेक जरा जोराने ओढला की गाडीचे नाक झपकन खाली जाते, हँडल अकस्मात हलके होते, आणि त्याच क्षणी चाकाखाली खड्डा आला तर धातूवर धातू आदळल्याचा दणका थेट मनगटापर्यंत पोहोचतो. या तक्रारीवर गॅरेजात बहुधा एकच इलाज सांगितला जातो, तो म्हणजे पुढे कडक स्प्रिंग टाकण्याचा. आणि तो अमलात आणल्यावर गाडी दबते थोडी कमी, परंतु गल्लीतल्या प्रत्येक दगडाची वार्ता खांद्यांना कळू लागते, चाक खडबडीत रस्त्यावर टिकण्याऐवजी उसळू लागते, आणि ज्या सुरक्षिततेसाठी एवढी यातायात केली तीच उणावते. माझे सांगणे असे की या दबण्याची दोन स्वतंत्र कारणे आहेत, त्यांपैकी एक निसर्गनियमाचे असून त्यापुढे कोणाचेच काही चालत नाही, दुसरे रचनेतून उद्भवलेले असून त्याचा बंदोबस्त करता येतो, आणि या दोहोंवर झिजलेल्या भागांची तिसरी भर पडत असते. म्हणून स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या कारणाचा हिस्सा किती, याची खातरजमा करून घेणे हे प्रत्येक मालकाचे पहिले कर्तव्य होय.

रचनेचा विचार करायचा तर मूळ पुरुषापर्यंत जावे लागते. इटलीतील पोन्तेदेरा येथे १९४६ साली पियाजिओच्या कारखान्यातून जी वेस्पा बाहेर पडली, तिचा शिल्पकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मुळात विमानविद्येतला अभियंता. त्याने मोटारसायकलीचा दुहेरी फोर्क टाकून देऊन विमानाच्या उतरणचाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक योजले, जेणेकरून पंक्चर झालेले चाक मोटारीच्या चाकाप्रमाणे चार-पाच नट सोडवून सहज काढता यावे. हँडलपासून खाली उतरणारी नळी चाकाच्या बाजूने वळते, तिच्या तळाशी एक आडवी पिन असते, त्या पिनेवर एक आखूड लिंक झुलते, आणि त्या लिंकच्या मागच्या टोकाला चाकाची आस असते. म्हणजे चाक पिनेच्या मागोमाग ओढले जाते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीने पियाजिओच्या परवान्याखाली ज्या वेस्पा बनवल्या, परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून जी चेतक स्वतःच्या नावाने बाजारात आणली, आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून जी प्रिया घरोघरी गेली, त्या सर्वांचे कुलशील हेच. मिलानच्या इनोचेंतीची लँब्रेटा, जी मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने जुळवली आणि पुढे लखनौच्या सरकारी कारखान्याने चालवली, तिचा फोर्क दोन्ही बाजूंनी चाकाला धरतो आणि तिच्या स्प्रिंगा त्या फोर्कच्या नळ्यांत दडलेल्या असतात, तरी तिचीही आस पिनेच्या मागेच असल्यामुळे प्रस्तुत प्रश्नापुरती ती वेस्पाची सख्खी बहीणच मानावी. उत्तरकालीन नमुन्यांत कारखान्यांनी या भागात वेळोवेळी फेरफार केलेले आहेत. तेव्हा नावावर विसंबून न राहता आपल्या गाडीपाशी खाली बसून, आस पिनेच्या मागे आहे की पुढे, आणि ब्रेकची तबकडी म्हणजे प्लेट लिंकला पक्की जखडलेली आहे की वेगळ्या दांडीने धरलेली आहे, या दोन गोष्टी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहाव्या. पुढील सर्व विवेचन, आस मागे आणि प्लेट जखडलेली, असे गृहीत धरून केलेले आहे.

आता पहिले कारण. चालत्या गाडीचा वेग कमी करणारे बल जमिनीशी, म्हणजे टायरच्या तळाशी लागते, परंतु गाडीचा आणि चालकाचा गुरुत्वमध्य त्या जमिनीपासून पुष्कळ वर असतो. त्यामुळे ब्रेक लागताच संपूर्ण भार पुढे कलू पाहतो, मागच्या चाकावरचे ओझे कमी होते आणि तेवढेच पुढच्यावर वाढते. स्थूल हिशेबासाठी गाडी आणि चालक मिळून १८० किलो, गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर आणि दोन्ही आसांमधले अंतर १२३ सेंटिमीटर धरले, आणि ताशी ४० किलोमीटर वेगावरून सुमारे १६ मीटरांत गाडी थांबवण्याइतका ब्रेक लावला, तर साधारण ३५ किलो ओझे मागून पुढे सरकते. हे स्थलांतर स्प्रिंगच्या कडकपणावर, डँपरवर वा कोणत्याही युक्तीवर अवलंबून नाही. वेग तितकाच कमी करायचा तर ओझे तितकेच पुढे येणार. स्प्रिंग कडक केली म्हणजे ते ओझे कमी होत नाही, फक्त त्याच ओझ्याखाली ती कमी आखडते, आणि पुढच्या चाकाची पकड ज्या ओझ्यामुळे वाढते ते ओझे आपल्याला मुळात हवेच असते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि वेस्पाच्या कुळात तेच अधिक प्रबळ आहे. ब्रेकचे लायनर फिरत्या ड्रमला आवळतात तेव्हा ड्रम त्यांना, आणि त्यांच्याबरोबर ज्या प्लेटवर ते बसवलेले असतात तिलाही, आपल्या फिरण्याच्या दिशेने ओढून नेऊ पाहतो. घट्ट बसलेले झाकण फिरवताना बरणीच हातात फिरू लागते, तसाच हा प्रकार. चाकाचा वरचा भाग पुढे जात असतो, म्हणून प्लेटही वरून पुढे कलू पाहते. ती लिंकशी एकजीव असल्यामुळे लिंकलाही त्याच दिशेने वळावे लागते. आणि लिंकचे मागचे टोक, जिथे आस आहे, ते त्यामुळे वर उचलले जाते. आस फोर्कच्या तुलनेने वर जाणे म्हणजेच स्प्रिंग आवळली जाणे, म्हणजेच गाडीचे नाक खाली येणे. सारांश, पुढचा ब्रेक हा या रचनेत केवळ चाकच थांबवत नाही, तर स्वतःच्या हाताने स्प्रिंग दाबतो.

हे दाबणे किती, त्याचा अंदाज प्रत्येकाला आपल्या गाडीवर फूटपट्टी लावून काढता येतो. पिनेची जमिनीपासूनची उंची मोजावी, पिनेच्या मध्यापासून आसेच्या मध्यापर्यंत लिंकची लांबी मोजावी, आणि पहिलीला दुसरीने भागावे. जो भागाकार येईल तितक्या पटीने पुढच्या चाकाचे थांबवणारे बल लिंकच्या टोकाशी उभे होऊन स्प्रिंगवर येते. समजा उंची २० सेंटिमीटर आणि लिंक १० सेंटिमीटर आहे, म्हणजे पट दोन. आणि वरच्या उदाहरणात गाडी थांबवायला लागणाऱ्या एकूण सुमारे ७२ किलो बलापैकी ४५ किलो पुढच्या ब्रेकने दिले. तर लिंकच्या टोकाशी त्याचा परिणाम ९० किलोंचा होतो, म्हणजे ओझ्याच्या स्थलांतराच्या अडीचपट. लिंकच्या उतारानुसार या आकड्यांत फरक पडेल, परंतु प्रमाणाची कल्पना यावी एवढे ते बोलके आहेत. जुन्या स्कूटरीचे नाक एवढे का बुडते आणि त्याच वजनाची, साध्या दुर्बिणी फोर्कची मोटारसायकल तितकी का बुडत नाही, याचे उत्तर यात आहे.

ज्यांना आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष प्रमाण अधिक पटते, त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो, जो अंगणात दोन मिनिटांत होतो. गाडी स्टँडवरून काढून पुढचे चाक घराच्या भिंतीला टेकवावे, ब्रेक अजिबात न लावता मागून दोन्ही हातांनी गाडी पुढे रेटावी आणि नाकाकडे लक्ष ठेवावे. भिंतीचा प्रतिकार आसेच्या उंचीवर लागत असल्यामुळे नाक किंचितच हलते. मग गाडी भिंतीपासून दूर मोकळ्या जागी घ्यावी, पुढचा ब्रेक करकचून धरावा आणि तितक्याच जोराने पुढे रेटावी. आता तेच नाक दोन-तीन बोटे खाली बसताना स्पष्ट दिसते, आणि एखाद्याला बाजूला बसवून लिंककडे पाहायला सांगितले तर प्लेट वरून पुढे कलताना त्याला दिसते. या दोन दाबण्यांतला जो फरक, तो ब्रेकच्या मुरडीचा, म्हणजे ड्रम प्लेटला जो पीळ देतो त्याचा, हिस्सा. ज्या गाडीत आस पिनेच्या पुढे असते, तिच्यात हीच मुरड उलट फळते आणि नाक उचलले जाते.

दबणे हा केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नाही, म्हणूनच मी त्याबद्दल आग्रहाने लिहीत आहे. पुढचा भाग खाली बसला की हँडलच्या नळीचा कल उभट होतो, चाकाची सरळ राहण्याची प्रवृत्ती घटते आणि गाडी ऐन संकटाच्या क्षणी अस्थिर होते. शिवाय स्प्रिंगची हालचाल आधीच संपून गेलेली असल्यामुळे पुढे येणारा खड्डा गिळायला काहीच शिल्लक राहत नाही. आठ किंवा दहा इंची चाक खड्ड्यात मुळातच खोल उतरते, आणि त्याचा आघात थेट फोर्कवर व हँडलच्या बॉल रेसवर जातो. ज्या गाड्यांचे बॉल रेस वारंवार खड्डे पडून खराब होतात, त्यांच्या बाबतीत दोष पुष्कळदा रेसचा नसून पूर्ण दबून चालणाऱ्या सस्पेन्शनचा असतो.

इलाजाकडे वळताना माझा क्रम ठरलेला आहे, आणि तो मोडू नये असे माझे आग्रहाचे मत आहे : प्रथम झीज, मग ब्रेक, मग डँपर, मग स्प्रिंग, आणि सर्वांत शेवटी रचनेतला फेरफार. या क्रमाने गेले तर निम्म्याहून अधिक मालकांचे काम दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच भागते आणि पैसाही वाचतो.

झिजेच्या तपासणीसाठी गाडी मुख्य स्टँडवर घेऊन फूटबोर्डाखाली लाकडी ठोकळा सारावा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. खटखट जाणवली तर घाईने निष्कर्ष न काढता नीट पाहावे : ड्रम प्लेटपासून वेगळा हलत असेल तर चाकाचे बेअरिंग गेले आहे, आणि प्लेट ड्रमसकट फोर्कपाशी हलत असेल तर लिंकची पिन आणि तिच्यावरचे नीडल बेअरिंग किंवा बुश झिजले आहे. या दुसऱ्या झिजेचा दबण्याशी निकटचा संबंध आहे, कारण ढिल्या पिनेवर ब्रेक लागताच लिंक आधी तिरपी होते आणि मग झुलते, आणि चालकाला ती धसकन बसल्याचा भास होतो. याच्या नेमका उलटा दोष कोकणात आणि जिथे चार महिने चिखलपाणी असते तिथे अधिक आढळतो, तो म्हणजे पिन कोरडी पडून गंजणे. अशी पिन हलक्या ओझ्याला दाद देत नाही, लहान खड्ड्यांवर लिंक जागची हलत नाही, आणि ब्रेकचा मोठा जोर आला की अडकलेले सारे एकदम सुटून नाक कोसळते. मालक मात्र स्प्रिंग मऊ झाली म्हणून शोक करीत बसतो. पिनेवर ग्रीस निपल असल्यास ते पुसून ग्रीस गनने, जुने काळे ग्रीस सीलमधून बाहेर येऊन त्यापाठोपाठ नवे स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत, भरावे. नवे ग्रीस येतच नसेल तर पिन काढूनच पाहावी लागेल. हँडलच्या रेसची परीक्षा चाक जमिनीवर ठेवून करावी : पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलवताना हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवले की तिथला ढिलेपणा बोटाला कळतो. लिंकची हालचाल जिथे संपते तिथला रबरी ठोकळाही पाहावा. तो वाळून तुकडे झालेला असेल तर शेवटचा दणका तो काय अडवणार? किमतीने तो क्षुल्लक असतो आणि दुर्लक्षित मात्र सर्वांत जास्त.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुष्कळ गाड्या दबतात त्या ब्रेक हळूहळू लागण्याऐवजी एकदम पकडतो म्हणून. केबल आतून गंजलेली असली की लिव्हर ओढताना प्रथम काहीच होत नाही, चालक अधिक ओढतो, आणि मग अडकलेली तार सुटून लायनर ड्रमवर झडप घालतात. केबल खोलून तेल सोडून पाहावे, आणि तारेचा एक पदर जरी तुटलेला दिसला तरी केबल बदलावी. ड्रम खोलल्यावर लायनर काचेसारखे चकचकीत झालेले आढळले तर खरकागदाने त्यांची चकाकी उतरवावी, आणि लायनरच्या ज्या कडेला फिरता ड्रम प्रथम भेटतो ती कड कानशीने किंचित उतरती करावी, म्हणजे पकड सौम्यपणे सुरू होते. ड्रम वाटोळा राहिला नसेल तर लिव्हरला बोटांखाली स्पंदन जाणवते आणि गाडी एकाच दमात न दबता झटक्याझटक्याने दबते. असा ड्रम लेथवर घासून घ्यावा, परंतु त्यावर कोरलेल्या मर्यादेपलीकडे घासू नये. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा पुष्कळ संभव असतो; तशी शंका असेल तर ते न घासता बदलावे. शिवाय ड्रममधली काळी भुकटी काँप्रेसरच्या हवेने फुंकून काढण्याची जी रीत गॅरेजांत पडून गेलेली आहे, ती करणाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या राहणाऱ्याच्या फुप्फुसांना घातक आहे. भुकटी ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. आपल्या मेकॅनिकलाही हे आदराने, पण ठामपणे सांगावे.

यानंतर डँपर, ज्याला गॅरेजच्या बोलीत शॉकअप म्हणतात, मग तो स्प्रिंगच्या आत बसवलेला असो वा तिच्या शेजारी स्वतंत्र असो. हँडलवर भार देऊन पुढचा भाग खाली दाबावा आणि एकदम सोडावा. नाक वर येऊन जागेवर स्थिरावले तर डँपर जिवंत आहे. ते वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर, असे डोलत राहिले तर त्यातले तेल गेले आहे, आणि दांड्यावर तेलकट धुळीचा थर दिसला तर निराळ्या पुराव्याची गरज नाही. मात्र डँपरकडून काय अपेक्षावे याची मर्यादा ओळखली पाहिजे. डँपर हालचालीच्या वेगाला विरोध करतो, हालचालीला नव्हे; म्हणून चांगला डँपर नाक खाली जाण्याची क्रिया संथ करतो, चालकाला सावरायला अवधी देतो, ब्रेक सोडल्यावर नाक उसळू देत नाही, परंतु ब्रेक धरून ठेवला तर गाडी शेवटी तितकीच खाली बसते. तरीही, ज्या गाडीत जुना मेलेला डँपर होता तिच्यात चांगला बसवल्यावर चालकाचे समाधान बहुधा येथेच होते, कारण माणसाला भिववते ती खोली कमी आणि झपाटा अधिक. विकत घेताना दाबताना आणि सुटताना दोन्ही दिशांना विरोध करणारा घ्यावा. केवळ एका दिशेला अडवणारा स्वस्त डँपर येथे निरुपयोगी ठरतो.

स्प्रिंगसंबंधी माझे मत सावध आहे. मूळ स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या भाराने बसलेली असेल, तर मूळ मापाची नवी घालणे हा फेरफार नसून दुरुस्तीच आहे आणि ती निःशंक करावी. बसली आहे की नाही हे ओळखण्यासाठी हँडलवरच्या एका ठरावीक बिंदूची जमिनीपासून उंची तीन वेळा मोजावी : चाक टेकलेले पण वर भार नाही अशा स्थितीत, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि चालक नेहमीच्या पद्धतीने वर बसलेला असताना. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक पुढच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या एक-तृतीयांशाहून पुष्कळ अधिक असेल तर स्प्रिंग थकलेली समजावी. वॉशर किंवा ठोकळा घालून स्प्रिंगला आधीच थोडा ताण देण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. तिने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी उंच उभी राहते. त्यामुळे ब्रेक लावल्यावर ती तितकीच बोटे खाली जाते, परंतु वरून सुरुवात केल्यामुळे तळाला आपटत नाही. हा लाभ लहान नाही, आणि काही मिलिमीटरांपुरता तो घ्यायला हरकत नाही. मात्र ठोकळा इतका जाड नसावा की स्प्रिंगचे वेढे शेवटी एकमेकांना चिकटतील. मूळपेक्षा कडक स्प्रिंग ज्यांच्या गाडीवर नित्य जड माणूस बसतो त्यांनी जरूर घ्यावी. इतरांनी तिचा मोह आवरावा, कारण लहान चाकाला खडबडीत रस्ता सोसण्यासाठी मऊपणाच उपयोगी पडतो, आणि जमीन सोडून उसळलेले चाक ब्रेक लावू शकत नाही.

गाडी चालवण्याच्या रीतीतही एक इलाज दडलेला आहे, जो फुकट आहे आणि ज्याचा शास्त्रीय आधार फार थोड्यांना ठाऊक असतो. मागच्या चाकालाही याच कुळाची रचना असते. तिथे इंजिन हीच लिंक, तिची पिन पुढे आणि चाक मागे. म्हणून मागच्या ब्रेकची मुरडही तेच करते, जे पुढे करते, म्हणजे गाडीचा आपल्याकडचा भाग खाली ओढते. पुढे जो दोष आहे तो मागे गुण ठरतो : उजव्या पायाने मागचा ब्रेक क्षणभर आधी, हलकेच दाबला की शेपूट खाली बसते, आणि त्यानंतर पुढचा ब्रेक ओढला तर नाक आणि शेपूट जवळजवळ समतल राहतात. पुढची लिव्हरही एका झटक्यात न ओढता, प्रथम दोन बोटांनी केबलचा सैलपणा घ्यावा आणि भार पुढे सरकल्याचे हातांना कळू लागले की मगच जोर वाढवावा. टायरमधली हवा कमी असली की दबणे फसवेपणाने अधिक वाटते. दहा इंची चाकांच्या या जातीला पुढे साधारण १८ ते २० पौंड आणि मागे एकट्यासाठी २५ च्या आसपास हवा चालते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा. आणि आपल्या घरांत जी रीत रूढ होती, पायाशी भरलेल्या पिशव्या आणि त्यांच्यापुढे उभे केलेले लेकरू, तिचा आता निरोप घ्यावा. नाक बुडते तेव्हा त्या लेकराची हनुवटी हँडलच्या नेमकी समोर असते.

एवढे सारे करूनही ज्यांचे समाधान होत नाही, किंवा ज्यांनी पुढे डिस्क ब्रेक बसवला आहे, त्यांनीच रचनेतल्या फेरफाराचा विचार करावा. डिस्कवाल्यांना तर तो करावाच लागतो, कारण मुरड ब्रेकच्या बलाच्या प्रमाणात वाढते; जुन्या अशक्त ड्रमने जो दोष झाकून ठेवला होता, तो जोरदार डिस्क उघडा पाडतो. फेरफाराचे तत्त्व साधे आहे : ब्रेकची प्लेट किंवा कॅलिपरचे धारक लिंकला जखडण्याऐवजी आसेवर मोकळे फिरेल असे बसवावे, आणि त्याला फिरण्यापासून अडवण्यासाठी एक वेगळी दांडी, जिला टॉर्क रॉड म्हणता येईल, थेट फोर्कला जोडावी. मग ब्रेकची मुरड लिंकमार्गे स्प्रिंगवर न जाता त्या दांडीतून फोर्कमध्ये जाते. दांडी लिंकच्या समांतर आणि तिच्याइतकीच लांब असली की मुरडीचा हिस्सा जवळजवळ शून्य होतो आणि ओझ्याच्या स्थलांतरापुरते स्वाभाविक दबणे तेवढे उरते. दांडीची आणि लिंकची रेषा मागे वाढवल्यावर चाकाच्या पाठीमागे कुठे तरी एकमेकींना मिळतील अशी मांडणी केली, तर नाक त्या स्वाभाविक प्रमाणापेक्षाही कमी दबते, आणि अतिरेक केल्यास उचललेही जाते; परंतु मी समांतर मांडणीचाच पुरस्कार करतो. ब्रेक लागताच जे सस्पेन्शन ताठ होते ते खडबडीत रस्त्यावर चाकाला जमिनीवर टिकू देत नाही, आणि आपल्याकडे ज्या ठिकाणी ब्रेक लावावा लागतो त्याच ठिकाणी रस्ता बहुधा सर्वांत वाईट असतो.

हे काम घरच्या घरी ड्रिल घेऊन करण्याजोगे नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. पुष्कळ जुन्या नमुन्यांत प्लेट आणि लिंक मिळून एकच ओतीव भाग असतो, तो कापून मोकळा करता येत नाही. तिथे संपूर्ण खालचा संच, मोकळ्या धारकासह बनवलेला, घ्यावा लागतो. दांडी आसेच्या वर, पुढे फोर्ककडे जाणारी असेल तर ब्रेक लागताना तिच्यावर दाब येतो, म्हणून ती वाकणार नाही इतकी भरीव हवी. आसेखाली असेल तर तिच्यावर ताण येतो आणि मग बारीक दांडीही पुरते. फोर्कच्या पातळ नळीला नुसता कान वेल्ड करून दांडी जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ब्रेकचे सारे बल त्या एका कानावर येते आणि तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरून केबल तोडते व चाक जागच्या जागी अडकते. जोडणी नळीला चहूबाजूंनी कवटाळणाऱ्या पट्ट्याने, किंवा फोर्क जिथे मुळातच जाड आहे तिथे असावी. बसवून झाल्यावर स्प्रिंग काढून लिंक हाताने वर-खाली संपूर्ण फिरवून पाहावी, आणि तेही हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून : दांडी कुठे अडकते काय, टायर वा मडगार्ड तिला घासतो काय, केबलला किंवा तेलाच्या नळीला ओढ बसते काय.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीकृत वाहनात उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून झीज, लायनर, डँपर आणि मूळ मापाची स्प्रिंग यांपर्यंतची कामे निर्वेध असली, तरी डिस्क किंवा टॉर्क रॉडच्या तजविजीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून घेणे शहाणपणाचे. पुनर्नोंदणीच्या तपासणीला गाडी नेल्यावर कैफियत देत बसण्यापेक्षा ते सोपे आहे. काढलेले मूळ भाग मात्र ग्रीस लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवावे, ते आता सहजासहजी मिळत नाहीत.

कोणतेही काम झाल्यावर परीक्षा रहदारीत घेऊ नये. सकाळच्या वेळी कोरडा, सपाट, निर्मनुष्य रस्ता निवडून ताशी २० किलोमीटरवरून आरंभ करावा, आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही, असे करून पाहावे आणि मगच वेग वाढवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही. लिंकची पिन, डँपरचे दोन्ही बोल्ट आणि टॉर्क रॉड बसवला असल्यास त्याची दोन्ही टोके, या साऱ्यांच्या नटांवरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या फेरीनंतर आणि पुढे आठवडाभर रोज गाडी काढण्यापूर्वी त्या रेघांवरून नजर फिरवावी, आणि एखादी रेघ सांध्यावर तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला आहे असे समजून, तो पान्याने आवळेपर्यंत आणि तो का फिरला याचा उलगडा होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.